समुद्रातला वाडा आणि त्यातली बिऱ्हाडे

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्याकडे धन्वंतरीची पूजा होते. मंदर पर्वताची रवी आणि वासुकीची दोरी करून देवदैत्यांनी क्षीरसागर घुसळला आणि अमृताचा कलश हाती घेऊन हा देवांचा वैद्य वर आला, ही कथा घराघरांतली मुले आजीच्या तोंडून ऐकतात. औषधाचा देव अरण्यातून किंवा डोंगरातून न येता समुद्रातून यावा, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. कारण मोती, पोवळे आणि शंख यांची भस्मे सोडली, तर आपला सारा औषधांचा पसारा जमिनीवरचा. मुळ्यांचा, सालींचा आणि पाल्याचा.

या कथेतली आणखी एक गोष्ट सांगणारा बहुधा घाईने उरकतो. अमृत निघाले ते अगदी शेवटी. आधी निघाले ते हालाहल. मी आज जी हकीकत सांगणार आहे तीही समुद्रातून औषध काढण्याचीच आहे, आणि तिच्यातही विष आणि अमृत यांची अशीच सरमिसळ आहे. शिवाय तिच्यात एक कोडे आहे. औषधाचा कलश सापडला, तो कोणत्या घरात सापडला हेही कळले. पण तो भरून ठेवणारा हात कोणाचा, हे कळायला पन्नास वर्षांच्या वर काळ गेला. तोवर भलत्याच्याच गळ्यात हार पडत राहिले.

हकीकतीची सुरुवात होते ती एका अगदी साध्या वस्तूपासून. स्पंज म्हटला की आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना डबीतला पाटी पुसण्याचा ओला तुकडा आठवतो, तर मुलांना मोटार धुण्याचा पिवळा ठोकळा. आज बाजारात मिळणारा स्पंज बहुतेक कारखान्यात तयार होतो. पण ज्याच्यावरून हे नाव पडले तो खरा स्पंज म्हणजे समुद्राच्या तळाशी वाढणारा एक प्राणी, आणि अंग घासायला वापरीत तो त्याचा वाळवलेला सांगाडा. ग्रीसमधल्या कालिम्नॉस बेटावरचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून हे सांगाडे गोळा करीत आले.

इतकी जुनी ओळख असूनही ही वनस्पती की हा प्राणी, याचा निकाल लागायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १७६५ साली जॉन एलिस या निसर्गाभ्यासकाने जिवंत स्पंजाच्या छिद्रांतून पाणी वाहताना पाहिले. पुढे १८२५ साली एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटने पाणी बारीक छिद्रांनी आत शिरते आणि मोठ्या तोंडांनी कारंज्यासारखे बाहेर पडते, हे नीट दाखवून दिले. याच ग्रँटच्या सहवासात चार्ल्स डार्विन नावाचा एक विद्यार्थी समुद्रकाठचे जीव न्याहाळायला शिकला.

स्पंजाला पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. आहेत त्या नुसत्या पोकळ्या आणि नळ्या, आणि त्यांच्या आतल्या अंगाला सतत हलणाऱ्या केसांच्या असंख्य पेशी. त्या केसांच्या हालचालीने पाणी ओढले जाते. किलोभर वजनाचा स्पंज दिवसाकाठी हजारो लिटर पाणी अंगातून गाळून काढतो आणि त्यातले जंतू व अन्नकण खाऊन जगतो. समुद्राच्या पाण्याच्या एका थेंबात हजारो जंतू असतात. चहाच्या चमचाभर पाण्यात साधारण पन्नास लाख. एवढे जंतू अहोरात्र अंगातून वाहत असताना हा मऊ जीव सडत कसा नाही? त्याला पळता येत नाही, दात नाहीत, शिंपल्याचे चिलखत नाही. मग मासे त्याचा फडशा का पाडीत नाहीत? जीवशास्त्रज्ञांना संशय आला तो असा की याच्याजवळ काही तरी जालीम रसायन असले पाहिजे.

हा संशय तपासून पाहण्याइतकी सवड मात्र पुष्कळ दिवस कोणाला नव्हती. कारण तो काळ मातीचा होता. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला बुरशीपासून पेनिसिलिनचा सुगावा लागला. १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले, आणि क्षयावर पहिले खरे औषध हाती आले. मग जगभर माती खणण्याची एकच धांदल उडाली. आपला महाराष्ट्रही त्यात मागे नव्हता. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढल्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच कारखान्याच्या संशोधकांनी १९६० च्या सुमारास हॅमायसिन नावाचे बुरशीनाशक औषध शोधून काढले. ज्या जंतूपासून ते मिळाले त्याचे नाव ठेवले ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’. एका मराठी गावाचे नाव असे जंतुशास्त्राच्या वहीत कायमचे नोंदले गेले आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

समुद्राकडे लक्ष गेले ते तुरळक माणसांचे. सार्डिनिया बेटावर काल्यारी शहरात ज्युसेप्पे ब्रोत्सू नावाचा एक वैद्यकाचा प्राध्यापक होता. शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळे, तिथले पाणी त्याने १९४५ साली तपासले आणि त्यात त्याला जंतूंना मारणारी एक बुरशी सापडली. आजची सेफॅलोस्पोरिन जातीची सारी औषधे हा तिचाच वंशविस्तार. १९४७ साली कॅलिफोर्नियात रोझेनफेल्ड आणि झोबेल या दोघांनी समुद्रात राहणारे काही जंतूही दुसऱ्या जंतूंना मारतात असे दाखवले. पण स्पंजाचे दार ठोठावले ते एका तिसऱ्याच माणसाने, आणि तेही भलत्याच कामासाठी.

वर्नर बर्गमन हा येल विद्यापीठातला रसायनशास्त्रज्ञ. समुद्रातल्या प्राण्यांच्या अंगातले चरबीसारखे पदार्थ तपासणे हा त्याचा व्यासंग. १९४५ साली फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ एलियट की या बेटालगतच्या उथळ पाण्यातून त्याने एक स्पंज मिळवला. तो शास्त्राला इतका नवा होता की त्याचे बारसेदेखील व्हायचे होते. पुढे त्याला ‘क्रिप्टोटेथिया क्रिप्टा’ असे नाव मिळाले. बर्गमनने आपल्या नेहमीच्या पद्धतीने तो उकळत्या ॲसिटोनमध्ये घालून अर्क काढला. चरबी विरघळून यायची ती आलीच. पण तिच्याबरोबर ॲसिटोनमध्ये स्वच्छ स्फटिक जमू लागले. चरबीचे असे स्फटिक होत नाहीत. एखाद्याने ते गाळून फेकून दिले असते. बर्गमनने ते जपून ठेवले आणि १९५० व १९५१ साली त्यांवर निबंध लिहिले.

त्या स्फटिकांत काय होते? प्रत्येक जिवंत पेशीत तिच्या वंशाची पोथी असते. ती चार अक्षरांत लिहिलेली असते, आणि प्रत्येक अक्षराला साखरेचा एक कण जोडलेला असतो. ही साखर एका ठरावीक घराण्याची, रायबोजच्या घराण्याची असते. बर्गमनला मिळालेल्या स्पाँजोथायमिडीन आणि स्पाँजोयुरिडीन या दोन पदार्थांत अक्षर ओळखीचे होते; साखर मात्र परकी होती. १९५५ साली नक्की झाले की ती अरॅबिनोज आहे. अरबी डिंकापासून ही साखर प्रथम मिळाली म्हणून तिला हे नाव.

वरवर पाहता हा फरक क्षुल्लक. पण पेशीला आपली पोथी उतरवून काढायची असते तेव्हा हाच फरक प्राणघातक ठरतो. माळ ओवताना खऱ्या मण्यासारखाच दिसणारा, पण भोक वाकडे असलेला एक मणी हाती यावा, तो ओवला जावा आणि पुढचा मणी त्याला भिडूच नये, तसे होते. माळ तिथेच अडते. भराभर वाढणाऱ्या पेशींना आणि विषाणूंना याचा तडाखा सर्वांत अधिक बसतो.

या इशाऱ्यावरून रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. १९५९ साली बर्कली येथे याच धर्तीचा एक पदार्थ प्रयोगशाळेत तयार झाला. तोच सायटॅराबीन. १९६९ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या एका भयंकर प्रकारावर तो आजही मुख्य औषधांपैकी एक आहे. दुसरा पदार्थ व्हिडाराबीन. तो १९६० साली कर्करोगासाठी म्हणून बनवला गेला, पण उपयोगी पडला विषाणूंवर. हर्पीस विषाणूने मेंदूला सूज आली म्हणजे पूर्वी डॉक्टर हात टेकीत. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा रोग्यांपैकी औषधाविना शंभरात सत्तर दगावले, तर व्हिडाराबीन दिलेल्यांत अठ्ठावीस. पुढे त्याहून चांगले औषध निघाले आणि व्हिडाराबीन मागे पडले. पण विषाणू मारता येतो, हा धीर वैद्यकाला देणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे.

अर्थातच स्पंजाचे नाव झाले. १९५९ साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या रॉस निग्रेली यांनी तिथल्या किनाऱ्यावरच्या तांबड्या स्पंजापासून एक जंतुनाशक अर्क काढला आणि त्याला एक्टिओनिन असे नाव दिले. मग ठिकठिकाणचे स्पंज गोळा होऊ लागले आणि दर वर्षी नवनवे पदार्थ सापडू लागले. प्रत्येक निबंधाच्या मथळ्यावर नाव असे ते स्पंजाचे.

कोणाला शंका आलीच नाही असे नाही. व्हिडाराबीन हा पदार्थ मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसीस जंतूच्या अंगातही सापडला होता. मातीतला जंतू आणि समुद्रातला प्राणी, यांनी एकाच घडणीचा इतका अवघड पदार्थ स्वतंत्रपणे कसा बनवावा? त्यातच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. १९७० नंतरच्या वर्षांत मार्सेयच्या झाँ व्हासले यांनी स्पंजाचे पातळ काप करून पाहिले, तेव्हा पेशींच्या मधली सारी जागा जंतूंनी गच्च भरलेली दिसली. काही स्पंजांत तर देहाच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग जंतूंचाच असतो. हे पाण्याबरोबर आलेले आणि पचायची वाट पाहणारे जंतू नव्हेत. हे कायमचे रहिवासी. स्पंज बाहेरचे जंतू खातो आणि या आतल्यांना मात्र सांभाळतो.

वाचकांनी पुण्यातला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. दिंडीदरवाजावर पाटी असते मालकाची. आत चौक, आणि चौकाभोवती दोन-दोन खणांत बिऱ्हाडे: एक शिंपी, एक शाळामास्तर, माडीवर एक वैद्यबुवा. वैद्यबुवांच्या पुडीने गुण येतो आणि गावात बोलबाला होतो तो असा, की अमक्याच्या वाड्यात औषध चांगले मिळते. पुडी बांधतो बिऱ्हाडकरू, नाव होते मालकाचे. स्पंजाच्या बाबतीत नेमके हेच झाले असेल काय, हा प्रश्न आता उभा राहिला. तो सोडवायचा तर एकेका बिऱ्हाडाची झडती घेणे भाग होते.

ही झडती ज्यांनी घेतली त्यांत कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचे जॉन फॉकनर आणि त्यांची शिष्या कॅरोल ब्यूली यांना मी पहिला मान देतो. त्यांनी निवडलेला स्पंज होता ‘थिओनेला स्विन्होई’. त्याचे नाव ज्याच्यावरून पडले तो रॉबर्ट स्विन्हो हा कलकत्त्यात जन्मलेला इंग्रज वकील, म्हणजे परराष्ट्रात नेमलेला सरकारी प्रतिनिधी, आणि हौशी निसर्गाभ्यासक. प्रशांत महासागरातल्या पालाऊ बेटांजवळचे हे स्पंज घेऊन त्यांनी त्यांच्या पेशी सुट्या केल्या आणि धान्य पाखडून, चाळून वेगळे करावे तसे चार ढीग केले: एक स्पंजाच्या स्वतःच्या पेशींचा, एक हिरव्या-निळ्या जंतूंचा, एक सुट्या लहान जंतूंचा आणि एक लांब धाग्यांसारख्या जंतूंचा. मग प्रत्येक ढिगात रसायन शोधले.

१९९६ साली निकाल बाहेर आला. स्पंजाच्या पेशींत काहीच नव्हते. सर्वांचा संशय होता त्या हिरव्या-निळ्या जंतूंतही नव्हते. स्विनहोलाइड नावाचे जहर सापडले सुट्या जंतूंच्या ढिगात, आणि बुरशीला मारणारा थिओपालाऊअमाइड हा पदार्थ धाग्यांच्या ढिगात. दोन बिऱ्हाडांत दोन वेगळी दुकाने, आणि मालकाची कोठी रिकामी! इतका साधा प्रयोग आणि इतका स्वच्छ निकाल शास्त्राच्या इतिहासात क्वचित पाहायला मिळतो.

पण ज्याच्या घरात माल सापडला तोच माल तयार करतो, असे कोणतेही न्यायालय मानणार नाही. गुन्हा शाबीत व्हायचा तर त्या जंतूला स्पंजाबाहेर, काचेच्या बशीत वाढवून त्याच्याकडून तोच पदार्थ करवून घ्यायला हवा. इथेच घोडे अडले. निसर्गातल्या शंभर जंतूंपैकी जेमतेम एखादा आपल्या बशीतल्या खाद्यावर वाढतो. बाकीच्यांना आपल्या हातचे गोड लागत नाही. स्पंजातले रहिवासी तर याहून चोखंदळ. त्यांना हवे असते ते वाहते पाणी, शेजाऱ्यांची सोबत आणि मालकाच्या ताटातले उरलेसुरले. २००० साली मार्गो हेगुड, फॉकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या धाग्यासारख्या जंतूला ‘एन्टोथिओनेला’ हे नाव दिले, म्हणजे थिओनेलाच्या आत राहणारा. पण जंतुशास्त्राच्या नियमाप्रमाणे, जो बशीत वाढत नाही त्याच्या नावामागे ‘उमेदवार’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द लावावा लागतो. हा गरीब बिचारा असा उमेदवारीतच राहिला.

पुढचा धागा सापडला तो समुद्रात नव्हे, जमिनीवर. पावसाळ्यात दिव्याभोवती एक बारीक, तांबडा-काळा किडा येतो. तो अंगावर चिरडला तर कातडी भाजल्यासारखी होते. त्याच्या जातीच्या किड्यांत पेडेरिन नावाचे विष असते. थिओनेला स्पंजात १९८८ साली सापडलेले ओनामाइड हे रसायन या पेडेरिनशी चमत्कारिक साम्य राखून आहे. जमिनीवरचा किडा आणि समुद्रतळाचा स्पंज यांचे नाते ते काय? यॉर्न पील या जर्मन शास्त्रज्ञाने २००२ साली दाखवले की पेडेरिन बनवण्याची कृती किड्याच्या पोथीत नाहीच. ती आहे त्याच्या अंगात राहणाऱ्या जंतूच्या पोथीत. दोन वर्षांनी त्याच वळणाची कृती स्पंजातही सापडली, आणि तीही जंतूच्याच लिपीत लिहिलेली. दोन घरांत मिळालेल्या चिठ्ठ्यांचे अक्षर एकाच घराण्याच्या कारकुनाचे निघावे, तसा हा प्रकार.

शेवटचा पुरावा २०१४ साली आला. पील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी समुद्रातल्या थिओनेला स्पंजातून ते धाग्यासारखे जंतू वेगळे काढले. अतिनील किरणांखाली हे जंतू स्वतःच चमकतात, आणि त्या चमकेचा निवडण्याच्या कामी उपयोग झाला. त्यांना बशीत वाढवण्याचा नाद सोडून शास्त्रज्ञांनी सरळ त्यांची पोथीच वाचून काढली. ती भरली नव्वद लाख अक्षरांहून अधिक. आपल्या आतड्यातल्या नेहमीच्या कोलाय जंतूच्या जवळजवळ दुप्पट. आणि तिच्यात पानोपानी रसायने बनवण्याच्या कृती. त्या स्पंजातून तोवर मिळालेली जवळजवळ सारी जालीम द्रव्ये या एकाच कारागिराच्या हातची निघाली. ज्या मोठ्या कुळात त्याची गणना झाली त्याला ‘टेक्टोमायक्रोबिया’ असे नाव मिळाले. झाकणे, लपवणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून ते घेतले आहे, आणि इतके समर्पक नाव मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

एका वर्षाने चक्र बर्गमनच्या स्पंजापाशीही येऊन पोहोचले. त्या फ्लॉरिडाच्या स्पंजातून बर्गमनने स्पाँजोसीन नावाचे तिसरे एक द्रव्य काढले होते. २०१५ साली याच जातीच्या स्पंजात राहणारा एक व्हिब्रिओ जंतू बशीत वाढला आणि त्याने स्पाँजोसीन बनवून दाखवले. नावातच ‘स्पंज’ असलेल्या पदार्थाचा कर्ता जंतू निघाला!

आता कोणी म्हणेल, औषध मिळाल्याशी कारण. ते मालकाने केले की बिऱ्हाडकरूने, याची उठाठेव कशाला? मला वाटते, या प्रश्नाच्या उत्तरातच सारे सार आहे.

पहिली गोष्ट पुरवठ्याची. जपानमध्ये १९८६ साली हॅलिकाँड्रिन बी हे कर्करोगावरचे द्रव्य मिळाले तेव्हा ६०० किलो स्पंजातून हाती लागले ते १२.५ मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणाही याहून जड असतो. स्पंज उपटून औषध करायचे म्हटले तर समुद्र ओस पडेल आणि तरी एका इस्पितळाची गरज भागणार नाही. या एका द्रव्याच्या बाबतीत रसायनशास्त्रज्ञांनी मोठ्या खटपटीने त्याच्यासारखा पदार्थ प्रयोगशाळेत बनवला आणि २०१० साली तो औषध म्हणून मान्य झाला. दर वेळी हे साधेल असे नाही. पण कर्ता जंतू आहे हे कळले की त्याची कृती वाचता येते, ती दुसऱ्या सोशीक जंतूच्या हाती देता येते आणि स्पंजाला आपल्या जागी सुखाने राहू देता येते.

दुसरी गोष्ट गरजेची. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंगने बजावले होते की पेनिसिलिन अपुरे घ्याल तर जंतू त्याला सरावतील. तसेच झाले. मेथिसिलिन हे नवे औषध बाजारात येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच १९६१ साली ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारे जंतू सापडले. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंनी जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचे बळी घेतले, असा अंदाज आहे. साधी जखम, बाळंतपण, पोटाची शस्त्रक्रिया यांत आपल्या पणज्यांच्या काळी जी धाकधूक असे, ती पुन्हा आपल्या नातवंडांच्या वाट्याला येऊ नये, असे वाटत असेल तर नवी औषधे हवीत. आणि माती तर आपण खणखणून चाळलेली आहे.

तिसरी गोष्ट आशेची. क्षयाच्या रोग्यांना रिफँपिसिन हे नाव चांगले परिचित आहे. ज्या रिफामायसिनपासून ते बनले, ते १९५७ साली मिलानच्या एका औषधशाळेत फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या बनातल्या मातीतून मिळाले होते. त्या दिवसांत गाजलेल्या ‘रिफीफी’ या फ्रेंच चित्रपटावरून त्याला गमतीने नाव पडले. रिफँपिसिन आणि पायराझिनामाइड यांच्यामुळे क्षयाचा दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या शास्त्रज्ञांना ग्रेट बॅरिअर रीफवरच्या एका स्पंजात असे जंतू सापडले की ते रिफामायसिनच बनवीत होते. हे जंतू बशीतही वाढले. फ्रान्सच्या मातीत जे सापडले तेच जगाच्या दुसऱ्या टोकाला समुद्रतळाच्या वाड्यात तयार होत होते, आणि तिथे आपल्याआधी किती युगे ते होत आले असेल, कोण जाणे!

तथापि खोटी आशा लावणे मला पसंत नाही. स्पंजातल्या जंतूपासून निघालेले जंतुनाशक अजून एकही औषधाच्या दुकानात आलेले नाही. हालाहल आधी निघते ते असे. स्विनहोलाइड बुरशी मारते, पण माणसाच्या पेशीही मारते, ओनामाइडचेही तेच. शेकडो द्रव्यांतून एखादे असे मिळते की जे जंतूला विष आणि आपल्याला अमृत. ते निवडायला वर्षे लागतात, पैसा लागतो आणि चिकाटी लागते. आपल्या देशातही हे काम चालू आहे. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या किनाऱ्यावरच्या स्पंजांचा आणि त्यांच्या रहिवाशांचा अभ्यास करीत आली आहे. मालवणच्या खडकांवरही स्पंज वाढतात. ओहोटीच्या वेळी ते पायाखाली आले तर आपण शेवाळ समजून पुढे जातो. त्यातल्या बिऱ्हाडांची मोजदाद कोणी करायची?

आणि ही मोजदाद होण्याआधीच वाडे पडू नयेत, ही माझी काळजी आहे. १९३८-३९ साली बहामा आणि फ्लॉरिडाच्या समुद्रात रोगाची साथ आली आणि व्यापारी स्पंजांचे ताटवेच्या ताटवे नष्ट झाले. १९९९ च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा फार तापले, तेव्हा फ्रान्स आणि इटलीच्या किनाऱ्यावर असंख्य स्पंज मेले. समुद्र तापतो आहे. वाडा पडला म्हणजे मालकाच्या नावाचा दगड तेवढा संग्रहालयात उरतो. माडीवरच्या वैद्यबुवांची वही कुठे गेली हे कोणी विचारीत नाही, कारण तो तिथे राहत होता हेच कोणाला माहीत नसते.

तेव्हा मालकाचे श्रेय काढून ते बिऱ्हाडकरूला द्यावे, एवढाच या हकीकतीचा अर्थ मी घेत नाही. पाणी ओढून आणतो स्पंज, आसरा देतो स्पंज. त्याच्या अंगणाखेरीज तो धाग्यासारखा जंतू आपल्या कोणाच्या हाताने वाढत नाही. दोघांचा संसार एकत्र आहे, म्हणून औषध आहे. बर्गमनने स्फटिक फेकून दिले नाहीत, ब्यूलीने ढीग वेगळे केले, पीलने पोथी वाचली. तीन पिढ्यांच्या या माणसांनी आपल्याला एक सवय लावून दिली आहे: नुसती दारावरची पाटी वाचून परत न फिरता आत कोण राहते ते विचारावे. येत्या धनत्रयोदशीला धन्वंतरीपुढे दिवा लावताना, ज्यांचे नाव अजून उमेदवारांच्याच यादीत आहे अशा त्या समुद्रातल्या रहिवाशांसाठी मी एक पणती अधिक लावणार आहे.